आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांचे बालपण शाळेने कसे सांभाळावे?

ताई, तुम्ही लिहिले आहे की बीड जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेत तुम्ही पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवता. पटावर ४३ मुले आहेत. त्यांपैकी १९ मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि ही मुले आजी-आजोबांकडे, हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाच्या सोयीच्या, भरवशावर गावातच राहतात. नुकत्याच झालेल्या एका प्रशिक्षणात बालपणीच्या सकारात्मक अनुभवांविषयी बरेच काही सांगितले गेले. परंतु शाळेत समुपदेशक नाही, निधी नाही, पालकच गावात नाहीत, अशा वेळी त्यातले आपण काय करायचे आणि केले तरी त्याने खरोखर काही फरक पडतो का, असा तुमचा प्रश्न आहे. स्नेहसंमेलन जानेवारीत घ्यावे की पालक परतल्यावर, हेही तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर शेवटी देतो.

मी ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या नोकरीत होतो. त्यांतली बहुतेक वर्षे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील शाळांत शिक्षक म्हणून गेली आणि अखेरची काही केंद्रप्रमुख म्हणून. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते ऊसतोड करणाऱ्या गावांत पाहिलेले आणि करून बघितलेले आहे. शहरातील शाळेला ते जसेच्या तसे लागू पडणार नाही. तुमच्या गावातही काही गोष्टी परिस्थितीवर ठरतील. तुम्ही दोघे शिक्षक गावात राहता की तालुक्याहून ये-जा करता, मागे राहिलेल्या आजीची तब्येत कशी आहे, वसतिगृहाचे जेवण वेळेवर सुरू होते की ऊसतोडीच्या टोळ्या गेल्यावर महिनाभराने, मागे राहणाऱ्या मुलांत किती मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात, यांवर पुष्कळ अवलंबून आहे. हे सगळे मला माहीत नाही, म्हणून तुमच्या जागी मी असतो तर काय पाहिले असते ते सांगतो.

वरवर पाहता तुमचा प्रश्न साधनांचा वाटतो, पण मला तो तसा वाटत नाही. ज्या मुलाची आई सहा महिने घरात नाही, त्याला शाळेने दिलेल्या चांगल्या अनुभवाला काही वजन असते का, की ती वरवरची मलमपट्टी ठरते, ही तुमची खरी शंका आहे. ही शंका मलाही अनेक वर्षे होती. म्हणून आधी संशोधन काय म्हणते ते सांगतो, कारण प्रशिक्षणात ते बहुधा घाईने उरकले जाते आणि त्यातली आपल्या कामाची गोष्ट निसटून जाते.

या विषयाची सुरुवात वाईट अनुभवांच्या मोजणीने झाली. अमेरिकेत सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७,०००हून अधिक प्रौढांना त्यांच्या लहानपणीची मारहाण, दुर्लक्ष, घरातील व्यसन, आईला होणारी मारझोड अशा गोष्टींविषयी विचारले. असे अनुभव जितके अधिक, तितके मोठेपणीचे आजारही अधिक, असे त्यांना आढळले. चांगल्या अनुभवांची अशी मोजणी व्हायला मात्र आणखी वीस वर्षे लागली. २०१९ मध्ये क्रिस्टिना बेथेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिन राज्यातील ६,१८८ प्रौढांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लहानपणाविषयी सात प्रश्न होते. मनातले घरी बोलता येत होते का? अडचणीच्या वेळी घरचे पाठीशी उभे राहिले का? घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाजवळ सुरक्षित वाटत असे का? गावातल्या, समाजातल्या सणवार-प्रथांत भाग घेताना आनंद होत असे का? माध्यमिक शाळेत आपण इथलेच आहोत असे वाटत असे का? मित्रमैत्रिणींचा आधार होता का? आणि आईवडिलांखेरीज किमान दोन मोठी माणसे तुमच्यात मनापासून लक्ष घालत होती का? यांपैकी सहा किंवा सातही प्रश्नांना ज्यांनी होकार दिला, त्यांच्यात नैराश्याचे किंवा खालावलेल्या मानसिक आरोग्याचे प्रमाण १२.६ टक्के होते. ज्यांचे होकार दोन किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात ते ४८.२ टक्के होते. वाईट अनुभवांचा हिशेब धरल्यानंतरही हा फरक टिकून राहिला.

आता ते सात प्रश्न पुन्हा एकदा मोजून पाहा. पहिले तीन घराशी बांधलेले आहेत; उरलेले चार घराबाहेरचे आहेत. तुमच्या शंकेचे उत्तर मला या मोजणीत सापडले. आईची जागा शाळा घेऊ शकत नाही आणि तिने तसा आवही आणू नये, पण बालपण ज्यांवर उभे राहते त्या सात गोष्टींपैकी चार आपल्या अंगणात आहेत. हा अभ्यास मोठ्या माणसांच्या आठवणींवर उभा आहे, तोही परक्या देशातल्या एका राज्यातला आहे, आणि दोन गोष्टी सोबत आढळतात म्हणजे एकीमुळेच दुसरी घडली असे सिद्ध होत नाही, हे खरे. पण हवाई बेटांतील कावाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी जन्मापासून चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. तिथे आठवणींवर विसंबण्याचा प्रश्न नव्हता. खडतर परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्ती-सवरती झाली, आणि त्यांच्या आयुष्यात आजी, शेजारीण, शिक्षक असे भरवशाचे एखादे तरी माणूस होते, असे त्यांनाही दिसले.

आपल्याकडे ही दृष्टी कोणत्याही प्रशिक्षणाच्या आधीपासून आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा मुले येत नाहीत म्हणून हात न टेकता त्यांनी ती मुलांच्या अंगणातच नेली. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मूल जसे आहे आणि जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हे त्या कामाचे सूत्र होते आणि तुमच्या १९ मुलांनाही तेच लागू आहे.

माझ्या पद्धतीची सुरुवात एका कोऱ्या कागदाने होत असे. शाळा सुटल्यावर हजेरीपट न उघडता वर्गातील सगळ्या मुलांची नावे आठवून लिहायची. आधी हुशार मुलांची नावे येतात, मग खोडकर मुलांची, आणि मग हात थांबतो. जी चार-पाच नावे पुष्कळ वेळ आठवत नाहीत, ती मुले शाळेत रोज येतात, काही मागत नाहीत, काही बिघडवत नाहीत आणि कोणाच्याच मनात नसतात. माझ्या कागदावर अशा नावांत ऊसतोडीच्या घरची मुले, त्यांतही मुली, नेहमी जास्त निघत. नंतर प्रत्येक नावापुढे अभ्यासाशी संबंध नसलेली एक गोष्ट लिहायची: कोणाकडे शेळी व्यायली आहे, कोणाला विहिरीची भीती वाटते, कोण झोपेत आईला हाका मारतो. हे तुमच्या सहकाऱ्यांनी, अंगणवाडीताईंनी आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींनीही आपापल्या परीने सांगावे. सगळे एकत्र मांडले की कोणत्या मुलाला दोन मोठी माणसे लाभली आहेत आणि कोणाला एकही नाही, हे अर्ध्या तासात स्पष्ट दिसते. ज्यांना एकही नाही ती मुले आपसांत वाटून घ्यायची, मात्र मुलांना तसे न सांगता. ‘मी तुझा पालक’ असे जाहीर केले की मूल अवघडते. त्या मुलाशी रोज एखादे वाक्य बोलायचे आणि ते आले नाही तर त्याच दिवशी चौकशी करायची, एवढेच त्यातले काम आहे.

मावशींचा उल्लेख मी मुद्दाम केला. एका शाळेत तिसरीतला एक मुलगा टोळ्या गेल्या की बोलायचाच बंद होत असे. मी त्याला जवळ बसवले, गोष्टींची पुस्तके दिली, पण तो मान खाली घालून बसे. एके दिवशी पोषण आहार वाटून झाल्यावर मी स्वयंपाकाच्या खोलीशी गेलो तर हा पोरगा उंबऱ्यात उकिडवा बसलेला आणि मावशी उलथन्याने पातेल्याच्या बुडाची खरवड काढून त्याच्या ताटलीत टाकताहेत. खरवड निघाली की तो पातेल्यात वाकून बघे आणि ‘तिकडं राहिली’ असे बोट दाखवून सांगे. मावशी विचारत होत्या, ‘तुझी माय चुलीवर भात करती का?’ आणि तो सांगत होता. चांगले दोन मिनिटे, न थांबता. मला तीन आठवडे जे जमले नव्हते ते त्यांनी खरवडीवर साधले होते. त्यानंतर मी एकच केले. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मावशींना बोलावले, त्यांना काय काय दिसते ते सर्वांसमोर विचारले आणि दर महिन्याला विचारत राहिलो. कोण जेवत नाही, कोण आजीसाठी खिचडी रुमालात बांधून नेतो, हे त्यांना आपल्याआधी कळते. तुमच्या गावात समुपदेशक नाही हे खरे. पण मुलांवर लक्ष असलेली माणसे शाळेत आधीपासून आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही, असे मला जवळजवळ प्रत्येक शाळेत आढळले.

आता निरोपाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते ऊसतोडीच्या गावात शाळेने सर्वांत आधी हात घालावा अशी ही गोष्ट आहे आणि तिच्याविषयी कोणत्याही प्रशिक्षणात बोलले जात नाही. मजुरांना नेणाऱ्या मुकादमाची गाडी पहाटे येते. मूल रडेल, मागे धावेल, म्हणून आईवडील त्याला झोपेतच ठेवून निघून जातात. त्यांच्या जिवावर येते म्हणूनच ते तसे करतात. त्यांना दोष देण्याचा विचारही मनात आणू नका. पण सकाळी उठल्यावर शेजारी रिकामी वाकळ पाहणारे मूल त्यातून एवढाच अर्थ घेते की आपण झोपलो की माणसे जातात. पुढचे कित्येक दिवस ते झोपेला भिते आणि वर्गात पेंगते, आणि आपण ‘रात्री मोबाईल बघतोस का’ म्हणून रागावतो. म्हणून टोळ्या निघण्याच्या आठवडाभर आधी पालकांची एक बैठक घ्या. रात्री आठनंतर घ्या, म्हणजे बाप्येही येतील. तिथे एवढेच सांगा की मुलाला जागे करून, सांगून जा. ते रडले तरी चालेल, ते रडणे दोन दिवसांत ओसरते. कुठल्या कारखान्याला चाललो, तिथे कशात राहणार, कोपी, म्हणजे तिथली तात्पुरती झोपडी, कशी असते, मागे तुला कोण सांभाळणार, हे त्याला आधीच सांगा. आईचे एखादे जुने लुगडे किंवा ओढणी मुलाच्या पांघरुणात ठेवायला सांगा. लहान मुलांच्या बाबतीत याचा उपयोग मी स्वतः पाहिला आहे.

परत येण्याची तारीख मात्र कोणी सांगू नये, कारण कारखान्याचा पट्टा कधी पडेल, म्हणजे हंगाम कधी संपेल, हे कोणाच्याच हातात नसते आणि मोडलेली तारीख मुलाला नव्याने दुखावते. त्याऐवजी वर्गातल्या कालनिर्णयावर सण दाखवा. संक्रांत येईल, मग शिवरात्र, मग होळी, आणि पाडव्याच्या मागेपुढे माणसे येऊ लागतील. प्रत्येक सणाला वर्गात काहीतरी ठरलेले असावे, म्हणजे मुलाला सहा महिन्यांचा सपाट डोंगर न दिसता मधले टप्पे दिसतात. मी संक्रांतीला प्रत्येक मुलाकडून फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणी, जाईल असे पत्र लिहून घेत असे आणि गावातून कोणी तिकडे जाणारे निघाले की त्याच्या हाती देत असे. पहिलीची मुले चित्र काढत. आता मोबाईलमुळे हे सोपे झाले आहे. तरी कागदाची गोष्ट वेगळी असते, कारण तो कोपीत खोचून ठेवता येतो.

मोबाईलवरच्या बोलण्याविषयीही पालकांना दोन गोष्टी सांगाव्यात. तोडीचे माणूस पहाटे फडात उतरते आणि अंधार पडल्यावर मोकळे होते. तोवर लहान मूल झोपी गेलेले असते. म्हणून आठवड्यातला एखादा ठरलेला दिवस आणि वेळ त्यांनी निवडावी, आणि रोज जमवण्याच्या नादात ती चुकवू नये. दुसरे, फोन लागला की बहुतेक बाप ‘अभ्यास करतो का, आजीला त्रास देतो का’ एवढेच विचारतात, आणि मूल ‘हं’ म्हणून फोन आजीकडे देते. ‘आज खिचडीत काय होतं’, ‘कपिलीचं वासरू केवढं झालं’, ‘कोणासंग खेळला’, असे विचारले तर मूल बोलते. त्या अभ्यासातल्या सात प्रश्नांपैकी पहिला होता ना, मनातले घरी बोलता येते का. त्याची वाट ही अशी आहे. म्हणजे घराशी बांधलेल्या प्रश्नांतही शाळेला थोडा हात घालता येतो.

आजीला आपण फार गृहीत धरतो. प्रगतिपुस्तकावर ‘पालकाची सही’ या रेघेवर आईवडील परत येईपर्यंत जागा रिकामी ठेवली जाते, कारण आजी अंगठेबहाद्दर असते. तिचा अंगठा घ्या, आणि तिला शाळेत बोलावून, खुर्चीवर बसवून, नातवाने काय केले ते वाचून दाखवून घ्या. मुलासमोर घ्या. आपले माणूस शाळेत मानाने बसले होते, हे मूल विसरत नाही, आणि आजीलाही शाळा परकी वाटेनाशी होते. तिला काही शिकवू नका. तीन पिढ्या वाढवलेली बाई आहे. तिला काय अडते ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर रेशनचे, डोळ्यांचे किंवा गुडघ्याचे असते आणि त्यासाठी आशाताईंना निरोप देणे तुमच्या हातात असते.

शाळेच्या आतल्या सुरक्षिततेबद्दल सांगायचे तर शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही निषिद्ध आहेत, आणि तुमच्याकडे छडी नसेल असे मी धरून चालतो. पण मानसिक त्रासाचा एक प्रकार आपल्या हातून नकळत होतो. वसतिगृहाच्या यादीसाठी माहिती वरून मागवली की आपण वर्गात विचारतो, ‘कोणाकोणाचे आईवडील तोडीला गेले, हात वर करा.’ मीही वर्षानुवर्षे असेच विचारले. हात वर करताना काही मुले कोपर वाकवून पंजा कानापाशीच ठेवतात, हे एकदा लक्षात आले आणि त्या दिवसापासून ही माहिती मी आजी-आजोबांकडून घरी जाऊन घेऊ लागलो. त्याच वेळी गृहभेटही होते. जी मुले आईवडिलांसोबत जातात, त्यांना तिकडच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड तर द्याच; पण त्याचबरोबर त्यांची वही, त्यांची भिंतीवरची चित्रे जागच्या जागी राहू द्या. मार्चमध्ये परतल्यावर आपली जागा कोणी पुसली नाही हे त्यांना डोळ्यांनी दिसले पाहिजे.

माझी एक चूक सांगतो, कारण तीच चूक तुमच्याकडून व्हावी असे मला वाटत नाही. एका शाळेत मी मोठ्या उत्साहाने जानेवारीत बालआनंद मेळावा घेतला. मुलांनी घरून पदार्थ आणायचे, दुकाने मांडायची, एकमेकांना विकायचे आणि हिशेब शिकायचा. भेळ, गुळाच्या पोळ्या, उकडलेले हरभरे, बोरे, सगळे मैदान फुलले होते. गटशिक्षणाधिकारी आले, फोटो निघाले. दुपारी माझ्या लक्षात आले की नऊ मुले व्हरांड्याच्या कडेला भिंतीला टेकून उभी आहेत. त्यांच्या घरी पदार्थ करून द्यायला आई नव्हती आणि विकत घ्यायला खिशात पैसे नव्हते. चांगला अनुभव म्हणून मी जो कार्यक्रम आखला होता, त्यात त्यांना दिवसभर आपली उणीव बघत उभे राहावे लागले. त्यांतली चौथीतली एक मुलगी धाकट्या भावाचे डोळे हाताने झाकत होती. पुढच्या वर्षी सगळे साहित्य शाळेने जमवले, गावातल्या दोघा-तिघांनी गूळ, दाणे, पोहे दिले, मुलांच्या गटांनी शाळेतच पदार्थ केले आणि पैशांऐवजी कागदाची कुपने सर्वांना सारखी वाटली. तेव्हापासून प्रत्येक उपक्रमाला मी एकच प्रश्न लावतो: यासाठी घरून काही आणावे लागते का? लागत असेल, तर तो काही मुलांसाठी आनंदाचा आणि काही मुलांसाठी परीक्षेचा दिवस असतो. ‘माझी आई’ हा निबंध, माता-पालक मेळावा, वाढदिवसाची चॉकलेटे, रंगीत कपड्यांचा शनिवार, सगळे या प्रश्नातून काढून बघा. बंद करा असे मी म्हणत नाही. आजी, मावशी, काकू चालतील अशी रचना बदला.

इथवरचे थोडक्यात असे: कोणते मूल कोणाच्याच मनात नाही ते शोधणे, निरोप आणि संपर्क सरळ करणे, मागे राहिलेल्या आजीला मान देणे, आणि आपल्याच उपक्रमांत कोण बाहेर उभे राहते ते पाहणे. यांपैकी कशालाही निधी लागत नाही. वेळ लागतो आणि तो तुम्हा दोघांकडे कमी आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणून पहिल्या वर्षी फक्त कोरा कागद आणि निरोपाची बैठक घ्या. उरलेले पुढच्या हंगामात.

गावाकडे वळतो. सणवार-प्रथांचा जो प्रश्न त्या सातांत आहे, त्याला तुमच्या भागात हरिनाम सप्ताहासारखे दुसरे उत्तर नाही. सात दिवस सगळे गाव एका ठिकाणी जेवते, मुले टाळ घेऊन उभी राहतात, पंगतीत पाणी वाढतात, आणि म्हातारी माणसे त्यांना नावाने हाक मारतात. ज्याच्या हातात वाढपाची बादली आहे ते मूल त्या दिवशी गावचे असते. पण ती बादली कोणाच्या मुलाच्या हाती जाते आणि कोणाच्या जात नाही, याकडे नीट पाहा. काही वस्त्यांची मुले पंगतीच्या टोकाला बसून जेवून उठतात आणि त्यांना काम सांगितले जात नाही. ते का, हे गावात सर्वांना ठाऊक असते. शिक्षकाच्या शब्दाला गावात अजून किंमत आहे. ‘यंदा पाणी वाढायला शाळेची सगळी पोरं, वर्गवार’ असे तुम्ही सप्ताह कमिटीला आधीच सुचवले, तर उघड नकार देणे कोणाला सोपे जात नाही. मी हे दोन गावांत केले. एका गावात जमले. दुसऱ्या गावात पहिल्या वर्षी नाही जमले, आणि तिथे मी मुलांना सप्ताहाऐवजी शाळेच्या प्रजासत्ताक दिनाच्या पंगतीत वाढायला लावले. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात; हंगामात त्यांतले निम्मे फडावर असतील तर आजी-आजोबांना निमंत्रित म्हणून बोलवा, म्हणजे या गोष्टी बोलायला माणसे राहतात.

चौथीतल्या मुलींबद्दल एक वेगळा शब्द. आई गेल्यावर चूल, पाणी आणि भावंड यांचा भार दहा वर्षांच्या मुलीवर येतो, आणि गाव तिचे कौतुक करते की पोरगी किती शहाणी आहे. त्या कौतुकात तिचे खेळणे संपते. अशा मुलीला शाळेत आणखी एक जबाबदारी, म्हणजे मॉनिटरपद किंवा लहानांना सांभाळणे, देऊ नका. तिला खेळाचा तास पूर्ण मिळेल एवढे पाहा आणि धाकट्या भावाला तेवढ्या वेळेपुरते अंगणवाडीत बसवण्याची सोय अंगणवाडीताईंशी बोलून करा. तिने लगोरी फोडली आणि ती ओरडली, तर त्या दिवसापुरते तुमचे काम झाले. अशा मुलींच्या लग्नाची बोलणी पुढे फार लवकर सुरू होतात. ती पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेली तरी वर्षातून दोनदा तिची चौकशी करत राहा.

आणि काही वेळा हे सगळे पुरेसे नसते. मूल आठवडेच्या आठवडे जेवत नसेल, अंथरूण ओले करू लागले असेल, अंगावर वळ दिसत असतील, कोणा एका माणसाचे नाव काढताच गप्प होत असेल, तर खरवड आणि गोष्टींनी ते सुटणार नाही. मागे राहिलेल्या मुलांना जवळच्या माणसांपासूनही धोका असतो. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गावात मिटवून घेण्याचा आग्रह झाला तरी ते टाळता येत नाही. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर मुलांच्या उंचीवर लिहा. मनाच्या त्रासाविषयी सल्ला हवा असेल तर टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर तुम्ही स्वतः फोन करून विचारू शकता. आरोग्य तपासणीसाठी शाळेत येणाऱ्या पथकातील डॉक्टरांनाही अशा मुलाबद्दल बाजूला घेऊन सांगा, कारण रांगेत उभे करून वजन-उंची घेताना हे कोणालाच दिसत नाही.

आता स्नेहसंमेलनाचे. जानेवारीत घेतले तर प्रेक्षकांत १९ मुलांचे कोणी नसते. एप्रिलमध्ये ऊन तापलेले असते आणि वार्षिक परीक्षा डोक्यावर असते, शिवाय सगळ्या टोळ्या एकदम परतत नाहीत. मी पुढे पुढे ते दोन ठिकाणी विभागले. जानेवारीत खेळांच्या स्पर्धा आणि बक्षिसे, ज्यांना प्रेक्षक कमी चालतात. आणि पाडव्यानंतर बहुतेक टोळ्या आल्या की एका संध्याकाळी ऊन कलल्यावर शाळेच्या पटांगणात दीड तासाचा नाच-गाण्यांचा कार्यक्रम, मंडप नाही, भाड्याचे कपडे नाहीत, पाहुणे नाहीत. ज्यांचे आईवडील तोवरही आले नसतील, अशी दोन-तीन मुले उरतात. त्यांची नावे आदल्या दिवशीच काढून ठेवा, त्यांचा कार्यक्रम शेवटी घ्या आणि तेवढी दहा मिनिटे तुमच्या सहकाऱ्यांना मोबाईल घेऊन समोर उभे करा. फडावर त्या वेळी अंधार पडलेला असतो, माणसे कोपीकडे परतलेली असतात आणि फोन बहुधा लागतो.